एकाच पापाची क्षमा देवाजवळ पुन्हा पुन्हा मागावी का?

प्रश्न : सायंप्रार्थना

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम.

माझी आई आता ऐंशीच्या घरात आहे. तिचे आणि माझ्या धाकट्या मावशीचे घराच्या वाटणीवरून बिनसले आणि पुढे अनेक वर्षे दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मावशी अखेरच्या आजारात अंथरुणाला खिळली तेव्हा तिने आपल्या मुलाकरवी 'एकदा येऊन जा' असा निरोप धाडला होता. आई गेली नाही. मावशी वारली. त्यानंतर या एका गोष्टीची क्षमा मागितल्याशिवाय आईची एकही रात्र गेलेली नाही. प्रभूची प्रार्थना म्हणून झाली की ती तेच शब्द त्याच क्रमाने म्हणते, आणि सकाळी उठते ती आदल्या दिवशीइतक्याच जड मनाने.

देवाने केव्हाच क्षमा केली असेल असे तुला वाटत नाही का, असे मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मागणे माझे काम, देणे त्याचे. त्याने दिली की नाही, हे मला कसे कळावे?" यावर मला उत्तर देता आले नाही, म्हणून हा प्रश्न येथील जाणत्यांपुढे ठेवत आहे.

पापाचा मनापासून अंगीकार केल्यानंतर त्याच पापासाठी पुन्हा पुन्हा क्षमा मागणे योग्य आहे की तो अविश्वास आहे? मनाला शांती मिळाली नाही, तर क्षमा मिळाली नाही असे समजावे का? आणि ज्या व्यक्तीचा अपराध केला ती आता या जगातच नसेल, तर तिच्या वतीने देव क्षमा करतो असे म्हणता येईल का? आईचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये झालेला आहे, परंतु लग्नानंतर ती आमच्या प्रोटेस्टंट मंडळीत आली. त्यामुळे घरात काही जण म्हणतात की तिने एकदा फादरांकडे जाऊन पापनिवेदन करावे, तर काही जण म्हणतात की देव आणि माणूस यांच्यामध्ये ख्रिस्ताखेरीज दुसरा मध्यस्थ नाही, तेव्हा त्याची गरज नाही. हा वाद मिटवण्यापेक्षा आईला झोप लागावी, ही माझी इच्छा आहे.

उत्तर : मोहरीचा दाणा

सायंप्रार्थना ताई, तुमच्या आईंनी विचारलेला 'मला कसे कळावे' हाच प्रश्न मुळाशी आहे, आणि बाकीचे सारे त्याच्या उत्तरातून उलगडत जाते, असे मला वाटते.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम येथील पक्षाघाती मनुष्याचा प्रसंग आहे. चौघांनी त्याला बाजेवर घालून आणले, दाटीमुळे आत जाता येईना म्हणून छप्पर उसकटले आणि त्याला येशूपुढे खाली सोडले. येशूने त्याला पहिल्यांदा जे सांगितले ते चालण्याविषयी नव्हते. "मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे," असे त्याने सांगितले. त्या क्षणी त्या मनुष्याच्या शरीरात काहीही बदललेले नव्हते. तो तसाच पडून होता, हात-पाय तसेच निर्जीव होते, आणि भोवती बसलेले शास्त्री मनातल्या मनात या शब्दांवर आक्षेप घेत होते. तरीही क्षमा झालेली होती, कारण ज्याला ती करण्याचा अधिकार आहे त्याने ती उच्चारली होती. 'ऊठ, आपली बाज उचलून चाल' हा शब्द नंतर आला, आणि तोही त्या अधिकाराची खूण इतरांना पटावी म्हणून. मधल्या त्या थोड्या वेळात, म्हणजे क्षमेचा शब्द ऐकल्यापासून उठून उभे राहीपर्यंत, त्या मनुष्याजवळ ख्रिस्ताच्या शब्दाखेरीज दुसरा कोणताही पुरावा नव्हता. तुमच्या आई गेली कित्येक वर्षे त्या मधल्या वेळात आहेत, असे मला तुमचे पत्र वाचताना वाटले.

मनाची शांती ही क्षमेचे फळ असू शकते, पण तिची अट नसते. योहान आपल्या पहिल्या पत्रात लिहितो की आपण आपली पापे पदरी घेतली तर देव विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून तो क्षमा करील. येथे तो आपल्या रडण्याच्या खोलीचा किंवा शब्दांच्या नेमकेपणाचा आधार देत नाही, देवाच्या स्वभावाचा देतो. आणि त्यातही केवळ दयेचा नाही, न्यायाचा देतो, याकडे मी आवर्जून लक्ष वेधतो. वधस्तंभावर ज्या ऋणाची फेड झाली ते ऋण देव आईंकडून दुसऱ्यांदा वसूल करील, तर तो न्यायी उरणार नाही. म्हणजे आईंनी घाबरून ज्या न्यायासनाकडे पाहावे, तेच न्यायासन आता त्यांच्या बाजूचे आहे.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा दहावा अध्याय आईंना मोठ्याने वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे. जुन्या करारातील याजक दररोज उभा राहून तीच ती अर्पणे वारंवार करीत असे, आणि त्या अर्पणांनी पापांची केवळ आठवण होत असे, असे तेथे म्हटले आहे. ख्रिस्ताने मात्र एकच अर्पण केले आणि तो देवाच्या उजवीकडे बसला. काम संपलेले नसते, तर तो बसला नसता. एकाच पापाची रोज रात्री होणारी ही क्षमायाचना नकळत त्या जुन्या याजकासारखी होऊन बसते: तिने पाप दूर होत नाही, त्याची आठवण तेवढी ताजी राहते.

रोज क्षमा मागणेच चुकीचे, असा याचा अर्थ कृपया घेऊ नये. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीच्या पाठोपाठच 'आमची ऋणे आम्हांला सोड' ही मागणी आहे, आणि आपण रोज चुकतो म्हणून ती रोज लागते. परंतु आजच्या पापांसाठी आज मागणे वेगळे आणि पूर्वीचे मागणे ऐकलेच गेले नाही अशा भयाने तेच पुन्हा मागणे वेगळे. पहिल्यात लेकरू बापाशी बोलत असते, तर दुसऱ्यात ते अजून दाराबाहेरच उभे असते. लूकच्या पंधराव्या अध्यायातील धाकटा मुलगा वाटेत एक भाषण जुळवून आला होता, आणि त्यातले अखेरचे वाक्य होते की मला आपल्या एका मोलकऱ्याप्रमाणे ठेवा. ते वाक्य त्याच्या तोंडून कधी बाहेर पडलेच नाही, कारण बापाने त्याआधीच झगा, अंगठी आणि जोडे आणण्याचा हुकूम सोडला. आईंना जमेल तेव्हा त्यांनी आपले भाषण तिथेच थांबवावे.

उत्तर : वेदीचा सेवक

मी कॅथलिक आहे, आणि वरील उत्तरातील बहुतेक सर्व गोष्टींशी सहमत आहे. तरीही 'फादरांकडे जाण्याची गरज नाही' असे जे तुमच्या घरात म्हटले जाते, त्यामागील समजुतीविषयी थोडे लिहितो. हे वादासाठी लिहीत नाही. आईंचा जो प्रश्न आहे, त्याचेच उत्तर म्हणून पापनिवेदनाचा हा संस्कार चर्चमध्ये टिकून राहिला आहे, असे माझे मत आहे.

पुनरुत्थित प्रभूने शिष्यांवर फुंकर घालून म्हटले की ज्या कोणाच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा झाली आहे. योहानाच्या विसाव्या अध्यायातील हा शब्द आमच्या समजुतीप्रमाणे प्रेषितांना आणि त्यांच्या वारसांना दिलेला अधिकार आहे. क्षमा देवच करतो आणि ती ख्रिस्ताच्या मरणामुळेच करतो, याविषयी आमच्यात आणि तुमच्यात मतभेद नाही. फादर मध्यस्थ म्हणून ख्रिस्ताच्या जागी येत नाहीत, तर ख्रिस्ताचा शब्द कानांना ऐकू येईल असा उच्चारतात. कफर्णहूमच्या त्या मनुष्याला ख्रिस्ताचा आवाज प्रत्यक्ष ऐकू आला होता. आईंना तो आजवर कधी ऐकू आलेला नाही, त्यांनी तो केवळ गृहीत धरायचा आहे, आणि रात्री एकट्या खोलीत, वयाच्या या टप्प्यावर, ते किती कठीण असते याचा विचार व्हावा.

या संस्काराचे बाह्य रूप काळाप्रमाणे पुष्कळ बदलत गेले. पहिल्या शतकांत गंभीर पापांसाठीचे प्रायश्चित्त उघड आणि दीर्घ असे. सन 250 मध्ये रोमी सम्राट देकियस याच्या छळात अनेक ख्रिस्ती लोकांनी प्राणभयाने मूर्तींना अर्पणे केली. नंतर ते परत आले तेव्हा त्यांना पुन्हा घ्यावे की नाही, यावर चर्चमध्ये तीव्र वाद झाला. रोममधील धर्मगुरू नोव्हेशियन याचे म्हणणे होते की अशांना चर्चने क्षमा देऊ नये, तर कार्थेजचे बिशप सिप्रियन यांचा आग्रह होता की योग्य पश्चात्तापानंतर दार उघडलेच पाहिजे. चर्चने नोव्हेशियनचे मत नाकारले. प्रत्यक्ष ख्रिस्ताला नाकारणाऱ्यांसाठी जे दार उघडे राहिले, ते बहिणीच्या निरोपाकडे पाठ फिरवणाऱ्या एका स्त्रीसाठी बंद असेल, हे मला कोणत्याही बाजूने विचार केला तरी पटत नाही. पुढे आयर्लंडच्या मठवासीयांनी खासगी पापनिवेदनाची पद्धत रूढ केली, 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करण्याचा नियम घातला, आणि 1551 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने या संस्काराची शिकवण सविस्तर मांडली. त्या शिकवणीत एक दिलासा आहे. देवावरील निर्मळ प्रेमातून आलेला पश्चात्ताप हा श्रेष्ठ खरा, पण पापाच्या ओंगळपणाच्या जाणिवेतून किंवा दंडाच्या भयातून आलेला अपुरा पश्चात्तापसुद्धा, त्यात पाप सोडण्याचा निश्चय असेल तर, या संस्कारात कृपा स्वीकारायला माणसाला तयार करतो. आपला पश्चात्ताप 'पुरेसा' झाला की नाही, हे मोजत बसण्याचे ओझे त्यामुळे उतरते.

एकच पाप पुन्हा पुन्हा मांडण्याविषयीही आमच्याकडे जुना अनुभव आहे. येशूसंघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी 1522 मध्ये स्पेनमधील मोंसेराट येथे आपल्या सर्व गत आयुष्याचे पापनिवेदन लेखी स्वरूपात तीन दिवस केले. तरीही नंतर मनरेसा येथे 'काही सांगायचे राहिले तर नाही ना' या शंकेने त्यांना इतके छळले की ते वारंवार तीच पापे सांगू लागले. अगदी स्पष्ट असेल तेवढेच सांगा, असे त्यांचे पापनिवेदन ऐकणाऱ्या गुरूंनी बजावले, पण त्यांना सगळेच स्पष्ट वाटत होते, म्हणून त्या आज्ञेनेही सुटका झाली नाही. अखेर गतकाळातील एकही पाप पुन्हा सांगायचे नाही, असा निश्चय त्यांनी केला, आणि तेव्हा कुठे ते मोकळे झाले. आपल्या मनातील ही पुनरावृत्ती देवाकडून आलेली नाही, हे त्यांनी ओळखले होते. ज्या पापाची क्षमा उच्चारली गेली आहे ते पुन्हा सांगण्याचे बंधन आमच्या चर्चमध्ये कोणावरही नाही.

पापनिवेदनात सांगितलेली गोष्ट फादर कोणत्याही कारणाने कोणालाही सांगू शकत नाहीत, हेही आईंना सांगावे. वृद्ध माणसांना पुष्कळदा याच गोष्टीची धास्ती असते.

उत्तर : चौथा प्रहर

दोन्ही उत्तरे मनापासून लिहिलेली आहेत, परंतु त्यांत मावशी कुठेच नाहीत, ही गोष्ट मला खटकली. क्षमेची चर्चा देव आणि पापी या दोघांतच संपली की ज्याचा अपराध झाला तो तिसरा मनुष्य हळूहळू चित्रातून पुसला जातो, आणि मग आईंसारखी प्रामाणिक व्यक्ती त्या समाधानावर विश्वास ठेवू शकत नाही. आईंना जे बोचते आहे त्यात काही खरेही आहे, हे आधी मान्य करावे.

डोंगरावरील प्रवचनात येशूने सांगितले आहे की वेदीजवळ दान आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. जकातदार जक्कयाने देवाजवळ केवळ डोके टेकले नाही, त्याने फसवणुकीचे चौपट परत देण्याचे वचन दिले. लेवीय पुस्तकातील नियमशास्त्र तर असे सांगते की लुबाडलेले परत करावे, त्यात पाचवा हिस्सा अधिक घालावा आणि ते ज्याचे त्याला द्यावे, आणि दोषार्पणाचा दिवस तोच फेडीचा दिवस असावा. शास्त्रात देवाची क्षमा शेजाऱ्याला वगळून येत नाही.

मग शेजारी मेलेला असेल तर? या प्रश्नाचा विचार नियमशास्त्राने केलेला आहे, आणि फार थोड्या वेळा कोणी त्याकडे लक्ष वेधते, म्हणून येथे लिहितो. गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे की ज्याचा अपराध झाला त्याला भरपाई द्यावी, परंतु भरपाई घ्यायला त्याचा कोणी जवळचा नातलगही नसेल, तर ती परमेश्वराची व्हावी आणि याजकाकडे द्यावी. याचा अर्थ मला असा दिसतो की मरणाने ऋण संपत नाही, पण ते कायमचे अनाथही राहत नाही. ते आधी त्या व्यक्तीच्या आप्तांकडे जाते, आणि तेही नसतील तर देव स्वतः त्याचा धनी होतो.

दावीद राजाची गोष्ट याच्या शेजारी ठेवून वाचावी. त्याने आपला सैनिक उरीया याची बायको घेतली आणि उरीयाला युद्धाच्या तोंडी देऊन मारवले. नाथान संदेष्ट्याने तोंडावर दोष ठेवला तेव्हा दावीद एवढेच म्हणाला की मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे, आणि नाथानाने तत्काळ सांगितले की परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे. उरीया तेव्हा मेलेला होता. त्याची क्षमा मागायला दावीद कोणाकडे जाणार होता? त्याच प्रसंगाशी जोडलेल्या एक्कावन्नाव्या स्तोत्रात 'तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केले' असे जे शब्द येतात, ते एके काळी मला उरीयावर अन्याय करणारे वाटत असत. आता मला असे वाटते की उरीयाच्या वतीने जाब विचारणारा देवच होता. देवानेच नाथानाला पाठवले, उरीयाचे रक्त देवानेच विसरू दिले नाही, म्हणूनच त्या रक्ताविषयी क्षमा करण्याचा अधिकारही त्याचाच होता. मेलेल्या माणसाची बाजू ज्याने घेतली आहे, तोच त्याच्या वतीने बोलू शकतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर 'होय' असे आहे, पण या कारणाने.

दावीदाला क्षमा मिळाली, तरी त्याच्या कृत्याचे परिणाम त्याच्या घराला भोगावे लागले. क्षमेने घडलेले न घडलेले होत नाही. मावशींचा शेवटचा निरोप अनुत्तरित राहिला, ही हळहळ आईंना आयुष्यभर राहील, आणि ती राहिली म्हणून क्षमा खोटी ठरत नाही.

मावशींचा मुलगा, ज्याच्या हाती तो निरोप आला होता, तो आहे ना? आईंनी त्याच्याशी याविषयी कधी बोलणे केले आहे का?

सायंप्रार्थना

तुम्हा सर्वांची उत्तरे मी आईला वाचून दाखवली. कफर्णहूमच्या मनुष्याविषयी वाचले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. उरीयाविषयीचा भाग तिने पुन्हा वाचायला सांगितला.

मावशीचा मुलगा आहे. आई त्याच्याशी सणावाराला बोलते, पण या विषयावर कधीच बोललेली नाही, आणि त्यानेही तो काढलेला नाही.

परंतु तिने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या मूळ प्रश्नात ती नव्हती. ती म्हणाली, "मी मागायचे थांबवले, तर मी तिला विसरले असे होईल. आता तिच्यासाठी माझ्याकडे एवढेच उरले आहे." आणि अक्षम्य पाप म्हणून जे शास्त्रात सांगितले आहे, ते आपल्या हातून झाले असेल की काय, अशी भीतीही तिच्या मनात असल्याचे मला पहिल्यांदाच कळले.

उत्तर : गालील किनारा

भीतीविषयी आधी लिहितो, कारण ती लवकर दूर व्हावी. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात येशू पवित्र आत्म्याच्या निंदेविषयी बोलतो ते अशा शास्त्र्यांना उद्देशून, की जे त्याच्या डोळ्यांदेखत चाललेल्या देवाच्या कार्याला सैतानाचे कार्य म्हणत होते. ती कठोर आणि जाणूनबुजून केलेली अवहेलना आहे. तसे पाप आपल्या हातून घडले की काय या काळजीने जो झुरतो आहे, त्याचे मन तसे कठोर झालेले नाही, हे पाळक मंडळी फार पूर्वीपासून सांगत आली आहेत आणि ते योग्यच आहे. त्याच वचनाच्या आरंभी येशूने 'मनुष्यांना सर्व पापांची क्षमा होईल' असेही म्हटले आहे, आणि लोक नेमके तेवढेच वाचायचे राहून जातात.

आता आईंनी जे दुसरे सांगितले, त्याविषयी. ताई, मला वाटते की तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच दिले आहे. रात्रीची ती प्रार्थना क्षमेची राहिलेलीच नाही. ती बहिणीची आठवण आहे, आणि तिला प्रार्थनेत जागा मिळवून देण्यासाठी आईंना दुसरा कोणताही मार्ग सापडला नाही म्हणून ती अपराधाच्या रूपाने येत राहिली आहे. 'थांबा' एवढेच त्यांना सांगितले, तर आपण त्यांची बहीण त्यांच्यापासून दुसऱ्यांदा हिरावून घेऊ.

पेत्र आणि यहूदा या येशूच्या दोन शिष्यांकडे या दृष्टीने पाहावे. दोघांनीही त्याच रात्री प्रभूचा घात केला, एकाने पैसे घेऊन आणि दुसऱ्याने भयाने. मत्तय सांगतो की यहूदालाही पस्तावा झाला. त्याने तीस रुपये परत नेले, 'मी पाप केले आहे' असे तोंडाने कबूल केले, म्हणजे दुःख, कबुली आणि भरपाई या तिन्ही गोष्टी त्याने केल्या. परंतु तो ज्यांच्याकडे गेला, त्या मुख्य याजकांनी 'त्याचे आम्हांला काय, तुझे तू पाहा' असे म्हणून त्याला परत पाठवले, आणि ज्याचा घात केला त्याच्याकडे तो कधी गेलाच नाही. पेत्राच्या शब्दांतली कबुली शुभवर्तमानांत कुठेही नोंदलेली नाही. तो बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला, आणि नंतर सरोवराच्या काठी प्रभू उभा आहे असे कळताच नावेतून पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला.

आणि तिथे प्रभूने काय विचारले? 'तुला वाईट वाटते का', 'पुन्हा असे करशील का' यांपैकी काहीही त्याने विचारले नाही. कोळशाच्या विस्तवाजवळच पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले होते, आणि इथेही कोळशाच्या विस्तवाजवळ तीनदा एकच विचारणा झाली: तू माझ्यावर प्रीती करतोस काय? प्रत्येक उत्तरानंतर त्याला काम दिले गेले, माझी मेंढरे चार. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला दुःख झाले, असे योहानाने स्पष्ट लिहिले आहे. जखमेला हात लागल्याशिवाय ती बरी होत नाही, पण जखम उघडी ठेवणे हा येशूचा हेतू नव्हता. नाकारण्याच्या आठवणीची जागा प्रीतीच्या कबुलीने आणि सोपवलेल्या कामाने घेतली.

आईंनी रात्रीची वेळ तीच ठेवावी आणि बहिणीचे नावही तेच ठेवावे, पण 'क्षमा कर' याऐवजी 'ती माझी होती, आणि माझे तिच्यावर प्रेम होते' असे देवाला सांगावे. दोघी लहान असतानाच्या गोष्टी त्याला सांगाव्यात आणि त्यांसाठी उपकार मानावेत. मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही, यावर आपल्या मंडळ्यांत मतभेद आहेत, आणि मी त्यात शिरत नाही. मृतांसाठी आभार मानण्यास मात्र कोणत्याही मंडळीची हरकत नाही. मेंढरे चारण्याचे काम कोणते, ते चौथा प्रहर यांनी आधीच सुचवले आहे.

एक व्यावहारिक गोष्टही सांगावीशी वाटते. एकच विचार अनेक वर्षे दररोज झोप उडवत असेल, तर त्यात उतारवयातील उदासीचाही भाग असू शकतो. पाळकांबरोबर एखाद्या चांगल्या डॉक्टरांशीही बोलावे. त्यात विश्वासाला कमीपणा नाही.

उत्तर : मोहरीचा दाणा

चौथा प्रहर यांनी माझ्या उत्तरातली उणीव दाखवली ती योग्य आहे. मीही मावशींचा विचार आधी करायला हवा होता.

फादर की पाळक, या तुमच्या घरातील वादाविषयी एक माहिती जोडतो. खासगी पापांगीकार हा केवळ कॅथलिक चर्चचाच आहे, ही समजूत बरोबर नाही. 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबातील, म्हणजे लूथरन मंडळ्यांच्या विश्वासाच्या जाहीर निवेदनातील, अकरावे कलम म्हणते की मंडळीत खासगी क्षमाघोषणा चालू ठेवावी, मात्र प्रत्येक पापाची मोजदाद करण्याची सक्ती नसावी. अँग्लिकन परंपरेतही पाळकाजवळ एकांतात मन मोकळे करून क्षमेचा शब्द ऐकण्याची तरतूद आहे. याकोबानेही आपल्या पत्रात एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास सांगितले आहे. तेव्हा वेदीचा सेवक यांनी आवाज कानांनी ऐकू येण्याविषयी जे लिहिले, ते मला पूर्ण पटते, आणि त्यासाठी आईंना मंडळी बदलण्याची आवश्यकता नाही. आपल्या पाळकांना घरी बोलवावे, आईंना एकदाच आणि सविस्तर बोलू द्यावे, आणि पाळकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून, त्यांचे नाव घेऊन, 'येशू ख्रिस्तामुळे तुमच्या पापांची क्षमा झाली आहे' असे स्पष्ट शब्दांत सांगावे. 'होईल' किंवा 'झाली असावी' असे नको.

सायंप्रार्थना

पाळकांशी बोलले आहे. ते येत्या आठवड्यात घरी येणार आहेत, आणि आईने होकार दिला आहे.

मावशीच्या मुलाला भेटायचीही तिची तयारी आहे, परंतु त्याला काय सांगायचे, हे तिला सुचत नाही. त्याने क्षमा केली नाही तर, ही धास्ती मलाही आहे.

उत्तर : चौथा प्रहर

त्याच्याकडे क्षमा मागायला जाऊ नये, असे मी सुचवीन. त्याच्या आईच्या वतीने तो क्षमा करू शकत नाही, आणि तुमच्या वृद्ध आई हात जोडून समोर बसल्या तर 'नाही' म्हणण्याची मोकळीकही त्याला उरणार नाही. आईंनी त्याला सत्य तेवढे सांगावे: तुझ्या आईचा निरोप मला मिळाला होता, मी यायला हवे होते, आले नाही, आणि त्यासाठी कोणतेही कारण मी पुढे करणार नाही. वाटणीचा विषय त्या बोलण्यात येऊ देऊ नये. पण वाटणीत मावशींचे काही खरोखरच देणे राहिले असेल, तर ते वेगळे, शांतपणे आणि लेखी पूर्ण करावे.

नंतर त्याला बोलू द्यावे. तो निरोप घेऊन येणारा तोच होता, तेव्हा त्याच्याजवळही सांगण्यासारखे काही साचलेले असेल, आणि ते कडू असेल तर आईंनी ते न तोडता ऐकून घ्यावे. तो रागावला किंवा गप्प राहिला, तरी देवाने केलेली क्षमा त्याच्या उत्तरावर अवलंबून नाही, हे आईंनी त्याच्या घरी जाण्याआधी पक्के समजून घ्यावे. म्हणून क्रम असा ठेवावा, की पाळकांची भेट आधी व्हावी आणि भाच्याची नंतर.